पाणी न घेता धावलो

आमच्या गावात विनाकारण कोणी धावत नाही. बैल सुटला, वणवा लागला, नाहीतर कोणी गेलं, तरच माणूस धावतो. हे मला जन्मापासून ठाऊक, आणि तरीही मी धावलो. तेही हाफपँट घालून. आज नुसतं आठवलं तरी कान गरम होतात.

त्याआधी मी कसालला हायवेवरच्या जिममध्ये जायचो. कचेरी सुटली की तिकडे, मग घरी. तिथल्या ट्रेडमिलवर मी असा काही धावायचो की समोरच्या आरशात बघून माझी मलाच भुरळ पडायची. वर पंखा, कानात गाणी, गळ्यात टॉवेल. पण दिवाळीनंतर वडिलांची उजवी बाजू गेली आणि सगळंच फिरलं. त्यांना उठवणं, बसवणं, अंगाला तेल चोळणं आईला एकटीला जमेना. बायको नोकरीसाठी सावंतवाडीला, ती शनिवारी यायची. जिम बंद पडली आणि पोट पुढे आलं. म्हटलं, धावायला जिम कशाला हवी? दारातून रस्ता जातो, फुकटचा आहे.

पहिल्याच सकाळी फजिती झाली. जिममधला पट्टा पायाखाली आपणहून सरकतो, रस्ता सरकत नाही, हे माझ्यासारख्या शहाण्याला चाळिशी जवळ आल्यावर कळलं! त्यात आमचा रस्ता एक तर चढणार, नाहीतर उतरणार. ओढ्यावरच्या मोरीपर्यंत जाईस्तोवर छाती भात्यासारखी चालायला लागली आणि गावातली दोन कुत्री मजेत माझ्याबरोबर चालत होती. होय, चालत.

पण खरी लाज कुत्र्यांची नव्हती, वडिलांची होती. आंब्याच्या शेंड्यावर उभं राहून आंबे काढणारा हा माणूस आता खाटेवरून पाय खाली सोडायलाही माझी वाट बघत होता. त्याच्या समोर बसून महागाच्या बुटांच्या नाड्या कशा बांधायच्या? म्हणून मी बूट न्हाणीघरामागे ठेवायचो आणि मागच्या दाराने सटकायचो. त्यांना सांगायचो, दूध आणायला जातो.

एकदा त्यांनी विचारलंच, “दूध खंयसून हाडतंस रे? कुडाळसून?”

मी त्यांची उशी सारखी करायला लागलो.

मग ती सकाळ उजाडली. थंडी होती, काजू मोहरलेले होते. मोबाइलमधली बाई कानात सांगत होती, आज थांबायचं नाही. मीही हट्टाला पेटलो होतो. मोरी ओलांडली तर पलीकडच्या घरातली काकी दारापुढच्या खळ्यात सडा घालत होती. रोज निरोप पाठवून वडिलांची चौकशी करणारी ही बाई. मला तसा धापा टाकत येताना बघून तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“काय झाला रे? बापूस बरो आसा मां? थांब, पाणी घे!”

मला शब्द फुटेना. मी पाण्याला मान हलवून नको म्हटलं. वडिलांचं काय सांगणार, ‘आहेत तसेच आहेत’ म्हणायला हात उलटा केला आणि पुढे धावलो.

आमच्याकडे कोणी गेलं की सांगायला जाणारा माणूस कुणाच्या खळ्यात पाय ठेवत नाही. बसत नाही, पाणी घेत नाही. बाहेरूनच सांगतो आणि पुढच्या घराकडे निघतो. हे मी लहानपणापासून बघत आलेलो. पण कानात ती बाई, अंगात व्यायामाचा माज! पुढच्या घरासमोरही मी थांबलो नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सगळ्यांना तोच उलटा हात दाखवत गेलो.

परतताना दम संपला होता, चालतच येत होतो. वळणावर आलो आणि आमच्या घरातून आईचा हंबरडा ऐकू आला. खळ्यात माणसंच माणसं. कोणाच्या हातात कोयता, कोणी दोन बांबू आणून दगडी गडग्याला टेकवलेले.

मला कळलं, वडील गेले.

आणि आता जे सांगतो ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा वडील आले नाहीत. पहिल्यांदा आली ती हाफपँट. बाप गेला आणि हा असा, उघड्या मांड्यांनी, बूट चढवून येतोय, लोक काय म्हणतील! मागून जाऊन आधी लेंगा घालावा असंही वाटून गेलं. वडील त्याच्या नंतर आले. मग मात्र मी असा धावलो की तसा कधी धावलो नव्हतो.

खळ्यात शिरलो तर आईचा हंबरडा मध्येच तुटला. ती माझ्याकडे बघतच राहिली. “तू जित्तो आसस?”

मी म्हटलं, “बाबा?”

तेवढ्यात आतून, खाटेवरून, खणखणीत आवाज आला, “ती पायरी तोडूची नाय! मी मेलंय तरी तिका हात लावूचो नाय!”

खळ्यात सरणासाठी आंब्याचं कुठलं झाड, पायरीचं की दुसरं, पाडायचं याची बोलणी चाललेली, ती वडील खिडकीतून ऐकत होते. आई मागे चुलीकडे होती. चहा घेऊन पुढे आली तर खळ्यात तिला बघून गप्प झालेली माणसं, हातात बांबू. नवऱ्याशी ती आताच बोलून आली होती, तेव्हा तिला वाटलं, गेलो तो मीच, रस्त्यावर एखाद्या डंपरने उडवलं. म्हणून ती ओरडली. तिच्या ओरडण्याने माणसांची खात्री पटली.

“मगे तू धावी होतंस कित्याक?” कोयतावाल्या शेजाऱ्याने विचारलं.

“व्यायाम,” मी म्हटलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

“व्यायाम? मेल्या, काजीखालचा रान काढूचा आसा माझा. थय ये!”

सगळे हसले, चहा प्यायले, बांबू उचलून गेले. काकी मात्र हसली नाही. तिने जाताना मला नुसतं खालपासून वरपर्यंत पाहिलं. चार शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

रात्री वडिलांना कुशीवर वळवताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हतो. त्यांनीच विचारलं, “कोण कोण इल्ले?”

मी एकेकाचं नाव सांगत गेलो. ते डोळे मिटून ऐकत होते.

“वरच्या वाडीतलो कोण नाय?”

“नाय.”

“उद्या थयसून धाव. बघूया कोण येता.”

ते खुसखुसत हसले, ओठाच्या एका बाजूने. मला हसू येईना. मी त्यांचा उजवा पाय उचलून उशीवर ठेवला, अंगावर चादर ओढली आणि दिवा मालवायला उठलो.

“आणि चोरासारखो मागल्या दारान जाव नको,” ते म्हणाले. “पाय चलतत तर पुढल्या दारान जा.”