खुर्चीतली वाकळ

उशी निवडायची होती मला, आणि ज्या अंगाखाली ती जाणार होती ते अंग काही बोलत नव्हतं. गच्चीवर रंगवलेलं सूत वाळत घालताना मी खाली पडले, तेव्हापासून कमरेखाली मला काही कळत नाही. भवानी पेठेत भावाचे हातमाग होते. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या सुमारास त्याने कुठूनतरी चाकाची खुर्ची मिळवली. लोक म्हणायचे, "हिला काय, दगडावर बसवलं तरी चालेल." माझ्यासमोरच म्हणायचे. पाय गेले की कानही जातात असं लोकांना का वाटतं, देव जाणे.

खुर्चीच्या झोळ पडलेल्या कापडावर बसून बसून मला पहिली जखम झाली. दुखली नाही, म्हणून कळली नाही. ती भरेपर्यंत मी आतल्या खोलीत पालथी पडून होते. सगळा उन्हाळा मी माणसांची फक्त पावलं पाहिली. पावलं उंबऱ्यापर्यंत यायची, "बरं आहे ना?" विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आधी वळायची. डॉक्टर म्हणाले, "बसायला नीट काहीतरी बघा. पुन्हा जखम झाली तर खुर्ची विसरा." खुर्ची गेली की दार गेलं. दारात बसलं तरच गल्ली माझ्याशी बोलायची, आणि मागासाठी कांड्या भरत असले तरच त्या घरात माझी कुणाला वाट बघावी लागायची.

कांड्या भरायला दोन्ही हात लागतात. एकाने रहाट फिरवायचा, दुसऱ्याने सूत धरायचं. पिंजाऱ्याने कापसाची गुबगुबीत उशी करून दिली. "आपा, तखत पे बैठे सरीका लगेंगा," म्हणाला. लवकरच कापसाचे गोळे झाले आणि मी एका अंगाला कलायला लागले. मग भावाने स्कूटरची ट्यूब हवा भरून आणली. ती मऊ होती, पण हात सोडला की मी डुलायची. एक हात कायम खुर्चीला धरून कुणी सूत धरतं होय? शेवटी टांग्याच्या गाद्या करणाऱ्याकडून खाली काथ्या आणि वर जाड फोम अशी बैठक शिवून घेतली. त्यावर मी ताठ बसले. दिवसभर रहाट फिरवला, कललेही नाही. हीच ठेवायची, असं मी ठणकावून सांगितलं.

फक्त फोमवरच्या रेक्झिनच्या खोळीवर घाम साचायचा. तेव्हा वहिनीने आईच्या जुन्या लुगड्याची छोटीशी वाकळ शिवून त्यावर घातली. वहिनी करमाळ्याकडची, कामाला वाघ, बोलायला मुकी. मला धुवायची, कुशीवर वळवायची, पण नजर कधी वर करायची नाही. तिने आपणहून काही शिवावं याचंच मला अप्रूप. आईचं लुगडं अंगाखाली आहे म्हणून मी उगाच खुशीत असायची.

आंघोळ घालताना एकदा वहिनीचा हात थांबला. जुन्या जखमेशेजारी लाल डाग उठला होता. मी पुन्हा पालथी, पुन्हा पावलं. भाऊ म्हणाला, "तो फोमच वाईट, फेकून देऊ." मला रडूच आलं. तो फेकला तर दारात बसायचं कशावर? मी बैठक अंथरुणावर मागून घेतली. कमरेला कळत नव्हतं, पण कोपराला कळत होतं. अंगाचा भार देऊन मी कोपर वाकळीवरून इंच इंच सरकवला. एका कोपऱ्याशी काहीतरी टोचलं. टाके उसवले तर आत भाकरीचा वाळून कडक झालेला तुकडा.

वहिनी दारातच उभी होती.

"वाकळंला घास घालाया लागतोय की, वन्सं," ती म्हणाली. "उपाशी वाकळ कुणाच्या अंगाखाली देऊ न्हाय. तुमास्नी लागंल, हे ध्यानातच आलं न्हाय."

तिच्या माहेरी प्रत्येक वाकळ शिवून पुरी करताना शेवटच्या कोपऱ्यात असा घास ठेवतात. अंगावरच्या मोठ्या वाकळीचा कोपरा कुठल्या कुठे पडतो. या वीतभर वाकळीचा कोपरा नेमका माझ्या हाडाखाली आला होता. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. इतक्या दिवसांत माझी कुणी एवढी काळजी केली नव्हती, आणि वहिनीने केली ती मला कळलीही नव्हती. याचंच फार वाईट वाटलं.

डाग वेळेत सापडला होता, म्हणून तो गेला. मला पुन्हा खुर्चीत बसवायचं ठरलं त्या दिवशी मी आतून पाहिलं, तर वहिनी माझ्या खुर्चीत बसून तांदूळ निवडत होती. वाकळ पुन्हा शिवलेली. घरातलं कुणी त्या खुर्चीत कधी बसलं नव्हतं, लोकांना अपशकुन वाटायचा. ती दुपारभर तिथेच बसली, मध्येमध्ये जागा बदलत. मग उठली.

"काय टोचत न्हाय," म्हणाली. "या आता."

तिने मला उचलायच्या आधी मी वाकळीवर हात ठेवला. वाकळ तिच्या अंगाने गरम झाली होती. बसल्यावर ते मला कळणार नव्हतं, म्हणून मी हात जरा वेळ तसाच राहू दिला.