बोटाला किती पेरं

माझी मुलगी पहिलीत होती, तेव्हा तिच्या बाईंनी एकदा मला शाळेच्या फाटकाशी गाठलं आणि सांगितलं, हिचं डोकं डॉक्टरला दाखवा. मोडक्यातोडक्या हिंदीत, पण चांगलं मोठ्यानं. सहा नि आठ किती विचारलं की पोरगी सोळा म्हणते. कालही सोळा, आजही सोळा. असंच चाललं तर वरच्या वर्गात घालणार नाही. शनिवारी या, म्हणाल्या नि आत निघून गेल्या.

शनिवारी म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. शाळा सुटली की सगळ्या आया मुलांच्या बाकांवर बसायच्या. आठवड्यात कुठला धडा झाला, कुठली गणितं झाली, घरी अभ्यास कसा घ्यायचा, हे बाई फळ्यापाशी उभ्या राहून समजावायच्या. सगळं बंगालीत. ह्यांची बँकेची नोकरी, बदली होऊन कलकत्त्याला आलो त्याला वर्षही झालं नव्हतं आणि माझं बंगाली भाजीवाल्यापुरतं. एकदाच गेले होते. तासभर नंदीबैलासारखी मान हलवली, घरी आले आणि ढसाढसा रडले. पुन्हा म्हणून गेले नाही. पोरगी बंगाली धडा घडाघडा म्हणायची, पण ती वाचतेय की पाठ म्हणतेय, हेसुद्धा मला कळायचं नाही. गणित तेवढं माझ्या आवाक्यातलं, म्हणून ते मी रोज घ्यायची.

त्या संध्याकाळी तिला समोर उभी केली. उत्तर देताना हात मागे बांधायचे ही शाळेची शिस्त, ती घरीही पाळायची.

"सहा नि आठ?"

बराच वेळ ओठ हलले. मग म्हणाली, "बारा."

"अगं, शाळेत सोळा नि घरी बारा?" माझा आवाज चढला.

"घरी बाराच येतात ना गं," म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

एकाच गणिताची दोन उत्तरं, आणि दोन्ही चूक! ह्यांना सांगितलं, तर पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "लहान आहे, येईल हळूहळू."

"अहो, डोक्याचा डॉक्टर सांगितलाय त्यांनी!"

तेव्हा कुठे पेपर खाली आला. ह्यांचा चेहरा पाहिला आणि वाटलं, उगाच सांगितलं. मग दोघांनाही जेवण गेलं नाही.

दिवसही वाईट होते, शहरात राजकीय मारामाऱ्या चालल्या होत्या. आमच्या बागबाजारात दुकानांची दारं कधी धडाधड बंद होतील नि कुठल्या गल्लीत बॉम्ब फुटेल, नेम नसायचा. शनिवारी निघताना हे म्हणाले, "जपून जा." मला मेलीला बॉम्बचं काही वाटत नव्हतं, त्या बाकाची धास्ती होती.

मी सगळ्यांत मागच्या बाकावर अंग चोरून बसले. बाईंनी लेकीला पुढे बोलावलं, स्वतःसमोर उभं केलं, सगळ्या आयांदेखत. तोंड बाईंकडे, पाठ आमच्याकडे. बाईंनी विचारलं, सहा नि आठ?

तिचे मागे बांधलेले हात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. डाव्या हाताचा अंगठा बोटावरून सरकला. एक पेर, दोन, तीन. पुढचं बोट, पुन्हा तीन. झाले सहा. हे मी शिकवलेलं. मग उजवा अंगठा सरकला. तीन पेरं, आणि वर बोटाचं टोक, चार. पुढचं बोट, पुन्हा चार. झाले आठ. आणि मग ती मोजलेली चारही बोटं तिनं पहिल्यापासून पुन्हा मोजली, प्रत्येकावर चार-चार. इथे टोकही धरतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. डावा हात माझा होता, उजवा बाईंचा. शाळेत बेरीज बाईंच्या पद्धतीनं, घरी माझ्या, चार बोटांवर तीन-तीन, म्हणून बारा.

"षोलो," ती म्हणाली. सोळा.

"अहो बाई, थांबा, थांबा!" मी चक्क मराठीत ओरडले. पुढे धावले, तिचे दोन्ही हात धरून बाईंपुढे केले. माझ्या बोटावर तीन मोजून दाखवली, मग टोकाला हात लावून चौथं. दोनदा केलं. बाई बघतच राहिल्या. मागे सगळ्या आया आपापली बोटं मोजायला लागल्या, बांगड्यांचा नुसता किणकिणाट! शेवटी बाईंनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला नि मला हिंदीत म्हणाल्या, डोकं छान आहे, घरीही चारच मोजा. मी हो म्हणाले आणि तिथेच मला रडू कोसळलं.

परतताना मी म्हटलं, "आता घरीसुद्धा चारच हं, सोनू. तुझं काही चुकलं नव्हतं."

ती थोडं चालली. डाव्या हाताच्या बोटांकडे बघत तिनं हळूच विचारलं, "आई, बाबांची परत बदली झाली, की तिथे बोटाला किती असतील?"

मी तिचा हात घट्ट धरला. बदली कधीही होणार होती, आणि तिथे बोटाला किती मोजतात, ते मलाही माहीत नव्हतं.