सदाची शार्दूल आणि धाकूभाऊंचा पाय

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण सगळी हकिकत 'हे' आणि 'ह्यांनी' करत सांगितली तर तुमचा गोंधळ उडेल, आणि या हकिकतीत गोंधळ आधीच पोटभर आहे. म्हणून सांगताना सदा. घरात मी अहो-जाहोच करते, कितीही डोकं फिरलं तरी.

तर हा सदा, वय बावन्न. मुरुडच्या अलीकडे आमचं गाव. घरची थोडी भातशेती, बाकी सगळा संसार पिकअपवर. नारळ, सुपारी, आंब्याच्या पेट्या, कुणाचं घरसामान, जे मिळेल ते भाडं. गाडी कुठली? शार्दूल. दुसरं उत्तर आमच्या घरात चालत नाही. आधी एका शेठची शार्दूल चालवली, मग जुनी शार्दूल घेतली, मग सहा वर्षांपूर्वी नवी कोरी शार्दूल. देव्हाऱ्याशेजारी कॅलेंडर शार्दूल कंपनीचं. कंपनीनं दिलेला टीशर्ट विरून जाळी झाली, तरी मला फडक्याला देत नाही. "शार्दूल बंद पडत न्हाय, जरा दम खाते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. एकदा ती विहूरच्या चढावर दोन तास दम खात होती. मी नारळाच्या ढिगावर बसून होते, मला सगळं ठाऊक आहे!

आमच्या नेत्राला एक स्थळ आलं. मुलगा देखणा, नोकरी चांगली. याचं तोंड वाकडं. का? तर मुलाच्या बापाकडे झुंजार पिकअप. "ज्या घरात झुंजार घेतात त्यांची अक्कल काय असणार?" आता याला काय म्हणावं? नेत्राच म्हणाली की मला अजून नर्सिंग पुरं करायचंय, म्हणून मी गप्प बसले. नाहीतर त्या दिवशी घरात महाभारत झालं असतं.

ही नवी शार्दूल घेतली तेव्हा धाकूभाऊंनीपण घेतली. धाकूभाऊ आमच्याच गावचे, बौद्धवाडीतले. शाळेत सदाच्या बाकावर बसायचे. गवंड्याच्या हाताखाली काम करायचे, त्यांना गाडी शिकवली सदानं. खळ्यातल्या खळ्यात, क्लच कसा सोडायचा, ब्रेक कसा दाबायचा, सगळं. त्यामुळे धाकूभाऊ त्याला उस्ताद म्हणायचे. दोघांनी एकाच दिवशी, एकाच शोरूममधून, पांढऱ्या रंगाच्या सारख्या दोन गाड्या उचलल्या.

आणि मग नंबर आले. सदाच्या गाडीच्या आकड्यांची बेरीज आठ. झालं! आठ म्हणजे शनी, आठाची गाडी रस्त्यावर काढायची नाही. दोन दिवस गाडी दारात आणि हा जेवत नाही. धाकूभाऊ आले आणि पोट धरून हसले. "अरे, मला आठ काय नि पाच काय, आम्ही न्हाय मानत तसलं. तू माझी घे, मी तुझी घेतो." गाड्या सारख्याच, पांढऱ्याच. चाव्यांची अदलाबदल झाली, चहा झाला. कागद? कागद तसेच. "आपल्यात काय कागद करायचे?" असं दोघंही म्हणाले. म्हणजे आमच्या दारातली गाडी कागदावर धाकूभाऊंची आणि त्यांच्या दारातली कागदावर सदाची. मी तेव्हाच म्हटलं होतं, हे काही बरं नाही. पण माझं ऐकतो कोण?

चारेक वर्षं सगळं छान चाललं. मग धाकूभाऊ नाक्यावर सांगायला लागले की गाडीचा ब्रेक मधूनच कडक होतो, दाबला तरी दबत नाही. सदानं लगेच त्यांची गाडी घेतली, दोन फेऱ्या मारल्या, ब्रेक मस्त लागला. मेकॅनिकनं पाहिली, त्यालाही काही सापडलं नाही. धाकूभाऊ तरी म्हणाले, "पुढची गाडी झुंजारच घ्यावी म्हणतो." बस्स. सदाच्या अंगाची लाही झाली. भर नाक्यावर, दहा-बारा गाडीवाल्यांसमोर ओरडला, "गाडीला नावं ठेवू नको! शार्दूल हाय ती! तुझ्याच पायातली ताकद गेलीय, धाकू. पाय म्हातारा झाला तुझा." सगळे खी-खी हसले. तेव्हापासून टवाळ पोरं धाकूभाऊंना पाहिलं की पाय ओढत चालून दाखवायची.

 धाकूभाऊंनी सदाशी बोलणंच बंद केलं. दीड वर्ष. एका नाक्यावर दोन गाड्या उभ्या आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. मी आणि त्यांची चंदाबाई बाजारात भेटलो की बोलायचो, पण पुरुषांचा विषय काढायचा नाही असं आमचं न बोलता ठरलेलं.

आणि गेल्या महिन्यात पत्र आलं. कंपनीचं, सदाच्या नावानं. नेत्रा सुट्टीला घरी होती, तिनं वाचलं. अमक्या वर्षी बनलेल्या काही गाड्यांच्या ब्रेकमधली एक नळी सदोष आहे. ती मधूनच हवा सोडते, मग ब्रेक कडक होतो. आपली गाडी त्यांत आहे. नळी फुकट बदलून मिळेल, तोवर गाडी चालवू नये.

सदाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी म्हणाला, हे पत्र झुंजारवाल्यांनी पाठवलं असणार. मग शिक्का पाहिला. मग म्हणाला, "बघ, कंपनी किती काळजी घेते गिऱ्हाइकाची." दहा मिनिटांनी म्हणाला, "पण आपला ब्रेक तर लोण्यासारखा लागतो." मग अंगणात जाऊन गाडीत बसला आणि नुसता ब्रेक दाबत राहिला. तीन दिवस पत्र खिशात. विश्वास ठेवावा तर शार्दूल खोटी पडते, न ठेवावा तर कंपनी खोटी पडते, म्हणजे पुन्हा शार्दूलच. चौथ्या दिवशी मी सांगितलं, आज अलिबागला सर्व्हिस सेंटरमध्ये गेला नाहीत तर डबा मिळणार नाही. आणि स्वतः शेजारी जाऊन बसले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण एकट्याला सोडला असता तर हा रेवदंड्याला चहा पिऊन परत आला असता.

सर्व्हिस सेंटरमध्ये एक चष्मेवाला साहेब होता. त्यानं गाडीचं बोनेट उघडलं, आतला नंबर मोबाईलवर घातला आणि म्हणाला, "काका, या गाडीला काही झालेलं नाही. ही त्या यादीत नाही."

सदा फुलला. "सांगितलं न्हवतं मी?"

"पण पत्रातली गाडी ही नाहीच. ही गाडी तुमची नाही."

"माझी न्हाय? माझी गाडी माझी न्हाय? सहा वर्षं कोन चालवतंय, तुझा बाप?"

"अहो काका, ही कुणा धाकू..."

साहेबानं आडनाव घेईपर्यंत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सदा अजून भांडतच होता. त्याच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं की सहा वर्षांपूर्वी त्यानंच चावी बदलली होती. मी त्याचा दंड धरून हलवला. "अहो, पत्र तुमच्या नावाचं. तुमच्या नावाची गाडी कुणाकडे आहे? धाकूभाऊंकडे!"

सदा तिथल्या टायरवर बसला. मला वाटलं याला चक्कर आली. "त्याचा ब्रेक," एवढंच म्हणाला. आणि डोकं धरून, "नीरे, तो खरं बोलत होता गं." मग एकदम म्हणाला, "आठ! मी माझा आठ त्याच्या गळ्यात घातला."

"आठानं काही झालं नाही," मी ओरडले. "नळी कंपनीची फाटकी, आणि जीभ तुमची. आधी फोन लावा!"

पण फोन लावणार कसा? नंबर यानं रागानं पुसून टाकलेला. मी माझ्या फोनवरून चंदाबाईंना लावला. त्या म्हणाल्या, "ते पालीला गेलेत, तांदळाची पोती घेऊन. आता परत निघाले असतील, रोह्यावरून घाटानं." मी ब्रेकचं सांगितलं तर त्यांना काही कळेना. "ब्रेकला काय? ब्रेक न्हाय गं, त्यांचा पायच खराब झालाय. मला गाडीत बसवत न्हाईत दीड वर्ष. म्हणतात, माझा पाय एक दिवस घात करंल, त्यात तू नको." मी फोन स्पीकरवर ठेवला होता. सदानं सगळं ऐकलं. धाकूभाऊंचा फोन लागत नव्हता, घाटात कुणाचाच लागत नाही.

मग सदानं गाडी काढली. रेवदंडा, साळावचा पूल, पुढे रोह्याचा फाटा. एरवी वाटेत कुठं झुंजार दिसली की चार शब्द सुनावणारा माणूस, आज नजर रस्त्यावरून हलवत नव्हता. मी देवाला हात जोडले. नेमकं काय मागावं तेही सुचत नव्हतं. नुसतं, वाट सरळ असू दे, एवढंच म्हणत राहिले. घाटाचं पहिलं वळण आलं, दुसरं आलं, आणि वरून हॉर्नचा गलका ऐकू आला.  अपघात झाला की असाच गलका होतो.

सदानं गाडी कडेला घेतली आणि पळत वर गेला. मी मागे.

अपघात नव्हता. वळणावरून एक पांढरी शार्दूल उतरत होती, पायी माणूस पुढं जाईल इतकी हळू. मागे दोन कार, एक एसटी, एक रिक्षा, सगळे हॉर्न वाजवून शिव्या घालतायत. आत धाकूभाऊ, पहिल्या गिअरवर. डावा हात हँडब्रेकवर, कपाळावर घाम.

सदा रस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला. धाकूभाऊंनी हँडब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या बाजूला टेकवून थांबवली. मी धावत जाऊन चाकाखाली दगड लावला. मागची वाहनं शिव्या देत निघून गेली.

"उतर," सदा म्हणाला. "उतर आधी."

धाकूभाऊ उतरले. दीड वर्षांनी दोघं समोरासमोर. सदानं पत्र काढून त्यांच्यासमोर धरलं. "कंपनीचं आलंय. नळी खराब हाय. ब्रेक मधूनच कडक होतो, म्हणतात. तुझा पाय न्हाय, धाकू. गाडी हाय. गाडीच."

धाकूभाऊंना समजेना. माझ्याकडे पाहायला लागले. "वैनी, काय म्हणतो हा?"

मी सगळं सांगितलं. सावकाश, दोनदा. त्यांनी उजव्या पायाकडे पाहिलं. डांबरावर तो पाय जोरात आपटला. पुन्हा आपटला.

"म्हणजे पायाला काय झालेलं न्हाय?"

"न्हाय रे."

"गोळ्या खातोय मी दीड वर्ष. तेल चोळते चंदा रोज. लांबची भाडी सोडली, आज नाइलाज होता म्हणून आलो. अलिबागला मोठ्या डॉक्टरकडं गेलो होतो. तो म्हणाला, पाय ठणठणीत हाय, नस चांगली हाय." धाकूभाऊ थांबले. "मी म्हटलं, डॉक्टरला काय कळतंय. सदानं सांगितलंय ना. त्यानं मला गाडी शिकवली, त्याला माझा पाय म्हायती."

सदानं त्यांचा हात धरला. या माणसानं एकोणतीस वर्षांच्या संसारात मला एकदाही चुकलो म्हटलेलं नाही. भाजीत मीठ स्वतः दुसऱ्यांदा टाकलं तरी नाही. तो रस्त्यात उभा राहून हमसून रडायला लागला. "चुकलो, धाकू. नाक्यावर सांगीन. सगळ्यांसमोर सांगीन."

"सांग," धाकूभाऊ म्हणाले. आवाजात राग होता, आणि असायलाच हवा होता. "उद्याच सांग."

त्यांची गाडी तिथंच ठेवली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी ती न्यायला दुसरी गाडी पाठवतो म्हणून निघतानाच सांगितलं होतं. परत जाताना सदानं स्वतःची चावी धाकूभाऊंच्या हातात दिली. ते घ्यायला तयार नव्हते. सदा म्हणाला, "चालव. मी बसतो शेजारी."

मग आम्ही तिघं पुढं दाटीवाटीनं बसलो. घाट संपला, सपाटी लागली, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी धाकूभाऊंनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. ते पायाकडे बघत राहिले. मग पुन्हा निघाले, पन्नास पावलं गेले आणि पुन्हा दाबला. प्रत्येक वेळी सदाचं डोकं समोर आपटत होतं आणि माझी कोपरं सोलवटत होती. हसावं की रडावं मला काही कळेना. गावापर्यंत हेच चाललं होतं, आणि सदा एकदाही 'पुरे' म्हणाला नाही.