जुन्या तारांवर नवा फोन

माझे सासरे तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होते. आज घरचा फोन इंटरनेटवर घेतला आणि माझा जीव टांगणीला लागला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मी दिवसभर कामावर. त्यांना वापरता येतो तो फक्त उशाशी असलेला जुना, मोठ्या बटणांचा फोन. बसवायला आलेला माणूस म्हणाला, "इंटरनेटच्या या नव्या डब्याला एकच फोन लागेल, तोही हॉलमध्ये. बाकीचे भंगारात द्या."

"मग मलाही घाल भंगारात," सासरे म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी बाहेरची फोनची पेटी उघडून रस्त्यावरून येणाऱ्या दोन्ही तारा सोडवल्या. "आधी जुनी लाइन तोडायची, सूनबाई, नाहीतर डबा जळेल." मग डब्याची वायर हॉलमधल्या जुन्या सॉकेटात खोचली. तिथून प्रत्येक खोलीतल्या फोनपर्यंत तारा त्यांनीच तर ओढल्या होत्या.

मी मोबाइलवरून घरचा नंबर लावला. हॉल, स्वयंपाकघर, सासूबाईंची खोली, तिन्हीकडे घंटी खणखणली!

सासूबाईंनी उचलला. "कोण?"

"मी, आई! ऐकू येतंय?"

"स्पष्ट येतंय. यांना म्हणावं, जन्मात पहिल्यांदा तक्रार करायच्या आत लाइन जोडलीत!"

सासरे मिशीत हसले. उद्या मी निर्धास्त कामावर जाणार आहे.