आप्पांचा हात आणि शांततेची गोळी

गणपतीच्या कारखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत. माणसांचे हात रंगात असतात, तोंडं मोकळी असतात. सीझन संपला की मूर्ती निघून जातात आणि किस्से तेवढे मागे उरतात! आमच्या पेणच्या कारखान्यातले यंदाचे बरेचसे तर एकाच बाटलीतून निघाले. बसा, सांगतो. मी मात्र उभा राहूनच सांगणार, मला एका जागी बसवत नाही.

* * *

कारखाना माझ्या थोरल्या भावाचा, आप्पांचा. मी फोन, ऑर्डरी आणि पॅकिंग बघतो. गणपतीच्या डोळ्यांची आखणी आमच्याकडे फक्त आप्पा करतात. तेव्हा पंखा बंद, रेडिओ बंद, बोलणं बंद. कुणी शिंकलं तर बाहेर जाऊन शिंकायचं!

यंदा सगळं बंद झालं, आप्पांनी ब्रश उचलला आणि ब्रशचं टोक थरथरायला लागलं. ठेवला. उचलला. परत ठेवला. "आज डोळे नकोत," म्हणाले, "मुकुट घ्या."

दुसऱ्या दिवशीही मुकुटच.

त्यात भिवंडीच्या शेठचा फोन. आमचा निम्मा माल हा एकटा माणूस उचलतो. "आप्पांच्याच हातचे डोळे पाहिजेत हां! हात बदलला असेल तर आत्ताच सांगा, मी दुसरीकडे बघतो." मी "छे छे, काहीतरीच काय!" म्हणून फोन ठेवला आणि अंगणात येरझाऱ्या घालायला लागलो.

* * *

आप्पांना डॉक्टरकडे नेलं. साखर बघितली, थायरॉईड बघितलं, बोटं ताणून बघितली. डॉक्टर म्हणाले, "आप्पा, आजार काही नाही. हात म्हातारा झालाय."

आप्पा उखडले. "एकटा हातच कसा काय झाला? बाकीचा मी तर हाय तसा हाय!"

* * *

मग बाटली आली. रोह्याचे नझीरभाई आम्हाला पॅकिंगचा पेंढा पुरवतात. त्यांचा मुलगा दोहाला असतो, त्याने पाठवलेली. कॅप्सूल होत्या, एल-थिएनिन नावाच्या. "चहाच्या पानातलं सत्त्व हाय आप्पा. दिमाग थंड, ध्यान एका जागी. तिकडं ऑफिसातले सगळे घेतात."

आप्पांनी बाटली उलटसुलट केली. "चहातलंच हाय तर चहाच पितो की रे! हे म्हणजे उसाचा रस समोर ठेवून साखर चाटायची."

मी विचारलं, "नझीरभाई, तुम्ही स्वतः घेता का?"

"मी?" नझीरभाई दचकले. "मला पेण-रोहा टेम्पो चालवायचा हाय, बाबा. शांत होऊन कसं चालेल!"

डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, घ्या, पण चमत्काराची वाट बघू नका. आम्ही नेमकी तीच बघत बसलो.

* * *

वहिनींनी मात्र वेगळाच अर्थ काढला. गोळीत चहा आहे ना, मग चहा बंद! सकाळी आप्पांसमोर ताटलीत एक कॅप्सूल आणि पाण्याचा पेला. आप्पा बराच वेळ त्या कॅप्सूलकडे बघत राहिले.

"काय झालं?" वहिनी.

"काय नाय. बशीत कशी ओतायची ते बघतोय."

तासाभरात चहा परत सुरू झाला.

* * *

एक मीही घेतली, कुणाला न सांगता. आणि मग मला दुसरीच चिंता लागली, आपण शांत झालो की नाही? रंगाच्या टेबलाशी गेलो, "मी शांत दिसतो का?" पॅकिंगला गेलो, "जरा बघा, फरक वाटतो का?" पीतांबरं रंगवणारी मंदा आमच्याकडचं जुनं माणूस, कासूहून गाडीने येते. आप्पांच्या शेजारी बसून त्यांच्यासाठी काळा रंग घोटायचं कामही तिचंच. तिच्याकडे बहुतेक मी जास्तच वेळा गेलो.

मंदा मान वर न करता म्हणाली, "बाळूदादा, इचारायचं थांबलास ना, की समज झालास."

* * *

दिनेश आमचा स्प्रेवाला. एरवी हा माणूस अर्धं काम इथे आणि अर्धं मोबाईलवर करतो. त्याने कॅप्सूल घेतली आणि म्हणाला, "आपलं लक्ष जाम लागलंय!" आता लक्ष लागलं, पण रंगवायला काही उरलं नव्हतं. डोळे सोडून सगळं तयार.

आमच्याकडे शिरस्ता आहे, आधी देवाचे डोळे, मग उंदराचे. दिनेशने बघितलं, देवाला हात लावायचा नाही, पण उंदीर मोकळे आहेत! आम्ही जेवून येईपर्यंत अख्ख्या रॅकवरच्या उंदरांना टपोरे डोळे. वर ओळीने गणपती, सगळे कोरे.

तेवढ्यात रोह्याच्या एका मंडळाचे म्हातारे खजिनदार मूर्ती बघायला आले. ते रॅकसमोर उभे राहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बरं हाय. देवाला दिसत नाय, पण उंदीर लक्ष ठेवून हाय!"

सगळे हसले. आप्पाही हसले. मग उठून मागच्या अंगणात गेले ते दुपारभर आत आले नाहीत. मला त्या दिवशी पहिल्यांदा खरी भीती वाटली. ऑर्डरीची नाही, आप्पांची.

* * *

गोळीचा गुण आला नाही असं मी म्हणणार नाही. आप्पा शांत झाले, हात झाला नाही. पूर्वी हात थरथरला की चिडायचे, आता मांडीवर ठेवून शांतपणे बघत बसायचे. ते बघून माझं डोकं जास्तच फिरायचं.

एका सकाळी पंखा बंद करायला लावला. आप्पांनी ब्रश उचलला, रंगात बुडवला आणि वळून म्हणाले, "मंदे, इकडं ये गो. बस."

मंदा पांढरीफटक. "मी? देवाचे डोळे? नाय आप्पा, माज्याच्यानं नाय व्हनार. ह्ये बघा, थरथर सुटली!"

"माझा हात थरथरतोय, तुझं काळीज थरथरतंय," आप्पा म्हणाले. "काळजाला गोळी हाय, हाताला नाय. ही गिळ आणि बस."

तिने गिळली आणि बसली. मला ते बघवेना. मी बाहेर जाऊन बांधलेल्या पेंढ्या सोडल्या आणि परत बांधल्या.

* * *

भिवंडीचे शेठ माल बघायला आले, तोवर सगळ्या मूर्तींना डोळे झाले होते. मी आदल्या दिवसापासून आप्पांच्या मागे लागलो होतो, "आपण होऊन काही बोलायचं नाही हां! त्यांनी विचारलं तर बघू." आप्पा नुसते हं हं करत होते.

शेठ मूर्तींसमोर स्टूल घेऊन बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. एक मूर्ती, दुसरी, परत पहिली. मी दारात जाऊन आलो, फोन उगाच कानाला लावला, पाणी प्यायलो.

"आप्पा, राग नका मानू," शेठ शेवटी म्हणाले. "इतकी वर्षं तुमचा गणपती नेतोय. देखणा असतो, पण जरा दटावल्यासारखा बघतो. आमची आई म्हणायची, ह्याच्यापुढं काही मागायची हिंमत होत नाही. यंदाचा कसा, 'ये, बस' म्हणतोय. हात बदलला का हो?"

मला आप्पांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, तरी बघितलं. आप्पा हसत होते. त्यांनी मांडीवरचा हात उचलला, थरथरत होता तो तसाच, आणि दाराकडे केला.

"तो हात तिकडं पायरीवर चहा पितोय. त्याचा चहा होऊ दे, मग त्यालाच विचारा."