गाऱ्हाण्यातल्या विकेट्स

माझा धाकटा भाऊ आखातातल्या एका छोट्या देशाकडून आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळायचा. देशाचं नाव सांगत नाही, कारण तो अजून तिथेच नोकरीला आहे आणि त्याला असल्या गोष्टींचा संकोच वाटतो. मी जामसंड्याच्या शाळेत शिकवते; तिथे हे कुणाला सांगितलं की हमखास प्रश्न यायचा, "मग इंडियाकडून का नाही?" जसं काही तिथे जागा रिकामी होती आणि आमच्याच पोराने कंटाळा केला.

आचऱ्याजवळच्या आमच्या गावात भातकापणी झाली की शेतातली बुडखी खोऱ्याने काढून तो तिथे गोलंदाजी करायचा. डावखुरा, हळू फिरकी. एसीच्या कंपनीचं गोदाम सांभाळायला म्हणून तो आखातात गेला आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या क्लबातून खेळू लागला. काही वर्षं राहिल्यावर नियमात बसला आणि राष्ट्रीय संघात आला. संघ म्हणजे कुणी ड्रायव्हर, कुणी हिशेबनीस, कुणी औषधं विकणारा. कामावरून सुटायचं, जेवण गाडीतच उरकायचं आणि दिव्यांच्या उजेडात सराव करायचा. नेपाळ, हाँगकाँग, युगांडा असे दौरे निघाले की त्यासाठी वर्षाची हक्काची रजा खर्च व्हायची. म्हणजे गणपतीला घरी येणं बंद.

आमच्याकडे गणपतीला न येणारा माणूस हळूहळू हिशेबातून जातो. मी मोबाइलवर त्याचे सामने बघायचे. एकच कॅमेरा, मैदानात चार टाळकी, आणि त्यात माझा भाऊ विकेट काढून एकटाच उड्या मारतोय. गावात सांगितलं तर "बरा आसा" म्हणून लोक लगेच काजूवर बोलायला लागत. मला संताप यायचा. मुंबईत नाक्यावरची स्पर्धा जिंकलेल्याचा फलक गावात लागतो, आणि हा देशोदेशी खेळतोय तर कुणाला पत्ता नाही!

मग त्याचा फोन आला. एका मोठ्या स्पर्धेत त्यांचा सामना भारताशी पडला होता.

"ताई, ह्या शेवटचा. मगे मी सोडतंय. बाबांका सांग, त्या दिवशी सकाळी देवळात माझ्या नावान गाऱ्हाणा घालूक. आणि गावान होय म्हणाक व्हया."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून गावाच्या वतीने मागणं. आमच्या गावात तो मान आमच्या घराचा, म्हणजे बाबांचा. ते एकेक मागणं बोलतात आणि जमलेली माणसं "होय म्हाराजा" म्हणतात. लोकांनी होय म्हटलं नाही तर ते मागणं देवापर्यंत पोचतच नाही, असं बाबा मानतात. इतक्या वर्षांत भावाने आमच्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. आता मागितलं तेही हे.

मी निरोप सांगितला तसे बाबा पायरीवर बसले. "समोर भारत आसा गो," ते म्हणाले. "गाव गप रवलो तर तेका काय सांगू मी?"

सामन्याच्या सकाळी देऊळ भरलं होतं. सगळे भारतासाठी आलेले. बाबांनी सुरुवात केली. पाऊसपाणी झालं, गुरंढोरं झाली, मुंबईकर झाले. "आज भारताची म्याच आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" देऊळ दणाणलं.

बाबांनी घसा खाकरला. "आणि तुझ्याच गावचो, माझो झील, आज पलीकडसून खेळता. तेका चार इकेटी दी रे म्हाराजा!"

होय आलं नाही. मी बायकांच्या बाजूला उभी होते. तेवढ्यात आमचे शेजारी, काजूची बाग असलेले काका, बोलले, "चार खूप झाल्यो."

"मगे किती?" बाबांनी देवाकडे पाठ न करता विचारलं.

"एक."

"एक काय रे? पोरगो शेवटचो खेळता!" दुसरा कुणी म्हणाला. "दोन मागा."

"दोन चलतीत, पण शेपटातल्यो. वरचो कोण आऊट होता नये."

देवासमोर भाजीबाजार सुरू झाला. हसावं की चप्पल काढावी ते कळेना. चप्पल बाहेर होती ते बरं. काका हटेनात. शेवटी एकावर सौदा ठरला. बाबांनी आवाज लावला, "एक इकेट दी रे म्हाराजा!" आणि सगळे होय म्हणाले, काकासुद्धा.

संध्याकाळी देवळाच्या मंडपात टीव्ही लावला होता. भावाला दोन षटकार बसले आणि मंडपात कुणी टाळी वाजवली नाही. मग त्याचा एक चेंडू सुरेख वळला, बॅटची कड घेतली आणि यष्टिरक्षकाच्या हातातून सुटला. "अरे रे रे!" सगळा मंडप उभा राहिला. भारताचे पाठीराखे ते! भावाला विकेट मिळाली नाही. भारत आरामात जिंकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या घरासमोरच्या खळ्यात येऊन बसले. चहाला हात लावेनात. "माझा चुकला," म्हणाले. "चार मागूक दिले असते, तर देवान एक तरी दिली असती. मी एकावर आणलंय, म्हणान तीय गेली."

इतक्यात भावाचा फोन आला. मी स्पीकर लावला. तो सामन्याबद्दल काही बोलला नाही. आधी विचारलं, "गाऱ्हाणा घातलास, बाबा?"

"घातलंय," बाबा म्हणाले. काकांनीच फोन ओढून घेतला. "झिला, माका माफ कर रे. तुझी इकेट मी घालवलंय." आणि सगळं सांगून टाकलं. कोण चार म्हणालं, कोण दोन, शेपटातल्यांचा विषय कुणी काढला, कोण कोणावर ओरडलं.



"तुमी सगळे माझ्यासाठी भांडलास?" भाऊ म्हणाला. "देवासमोर? काका, परत सांगा. पयल्यापासून सांगा, कोण काय म्हणालो."