नेरुरकर सरांचा शेवटचा आकडा

या ग्रुपवरचे भुताचे किस्से वाचून सगळ्यात जास्त हसणारी बाई मीच. बावीस वर्षं नर्सिंग करतेय, त्यातली अकरा घरोघरी जाऊन... बरे न होणाऱ्या पेशंटचं दुखणं कमी करायचं, हेच काम. किती माणसं डोळ्यांदेखत गेली. एकही कधी परत आला नाही, शप्पथ! म्हणून हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी. मी तळमजल्यावर, नेरुरकर सर चौथ्यावर. गणिताचे रिटायर्ड शिक्षक. कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केलं, दर चार तासांनी, आणि लक्ष ठेवायला मी. आम्ही पेशंटला विचारतो — शून्य ते दहात किती दुखतंय? लोक पाच सांगतात, आठ सांगतात. सर सांगायचे, "सिस्टर, पावणेसात."

"अहो सर, इथे पाव-अर्धा चालत नाही!"

"मग तुमची पट्टी कच्ची आहे."

मी आपली वहीत लिहायचे, सव्वा तर सव्वा. एकदा म्हटलं, शून्य कधी सांगणार? तर म्हणे, "शून्य मी अख्ख्या नोकरीत कोणाला दिलं नाही."

त्याच दिवशी त्यांनी वही मागून घेतली आणि शेवटच्या पानावर लिहिलं — 'मी झोपेत असलो तरी चालेल. मंजूने मला विव्हळताना बघू नये.' खाली सही. मंजू म्हणजे मस्कतला असलेली लेक. म्हणाले, "वेळ आली तर निखिलला दाखवा." निखिल त्यांचा मुलगा, सुट्टी घेऊन घरी होता.

पुढे सरांचं बोलणंच बंद झालं. निखिल गोळी थोड्या पाण्यात विरघळवून सिरिंजने त्यांच्या गालात सोडायचा. मीच शिकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सव्वा वाजता मी जेवत होते. इंटरकॉम वाजला.

"सिस्टर... पावणेनऊ."

खणखणीत, वर्गातला आवाज. आणि कट. मी उष्ट्या हाताने वर पळाले.

"सर बोलले?" दारातच विचारलं.

"नाही हो काकू. परवापासून एक शब्द नाही."

आत सरांच्या कपाळाला आठ्या, मुठीत चादर, बारीक कण्हणं. गोळ्या मोजल्या — सकाळी आठची आणि बाराची, दोन्ही तशाच!

"मंजू संध्याकाळी पोचतेय," निखिल म्हणाला. "हे दिलं की बाबा झोपतात. एकदा तरी ओळखू देत ना तिला... आणि काकू, माझ्याच हातून काही झालं तर?"

माझा पारा असा चढला होता! पण वाईट नव्हता पोरगा, घाबरला होता. मी आधी डॉक्टरांना फोन लावून डोस विचारून घेतला.

"हे बघ निखिल, नीट मोजून दिलं तर औषध मारत नाही. आजार मारतोय. झोप येईल, ते मी खोटं सांगणार नाही. पण त्यांना दुखण्यात जागं ठेवायचं, ते नक्की कोणासाठी रे?"

आणि ते पान दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. मग गोळी स्वतः विरघळवली.

अर्ध्या-पाऊण तासात मूठ सुटली, तेव्हा मी विचारलं, इंटरकॉम कोणी केला? निखिलने फ्रिजवर बोट दाखवलं. इंटरकॉम तिथे पडला होता, वायर गुंडाळलेली. "बाबांची झोप मोडते म्हणून मी परवाच काढला." माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पावणेनऊ दुखतंय असं सांगणारा माणूस जगात एकच, आणि त्याची वाचा गेलेली!

मंजू आली. सरांनी डोळे उघडले नाहीत. ती हात हातात घेऊन बसली, आणि त्यांच्या कपाळावर एक आठी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सर शांतपणे गेले.

स्मशानातून आल्यावर निखिलने विचारलं, "काकू, खरं सांगा. मी दिलं म्हणून गेले?"

"नाही," मी ठणकावून सांगितलं. ज्ञान सगळं होतं हो माझ्याकडे. तरी घरी आल्यावर शंकेची पाल चुकचुकलीच. जागे असते तर लेकीशी दोन शब्द बोलले असते का? मी हिरावून घेतले का ते?

चार वाजले. डोसची वेळ. इंटरकॉम वाजला.

"सिस्टर... शून्य."

वर धावले. इंटरकॉम फ्रिजवरच, वायर तशीच. निखिलला सांगितलं तेव्हा तो ओक्साबोक्शी रडला. मग वही घेऊन स्वतः आकडा लिहिला.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, शक्यच नाही. मलाही आजवर काही कळलेलं नाही, तुम्हाला सुचलं तर सांगा. पण ज्या मास्तरांनी जन्मात कोणाला शून्य दिलं नाही, त्यांनी दिलेलं एकमेव शून्य माझ्या वहीत आहे. आणि मी ते मिरवते, कोणी काही म्हणो.